भीमशाअण्णाचा सीझन

तुरीची रास झाली की आमच्याकडचा माळ उघडा पडतो. मुडबीच्या पुढं, कलबुर्गीच्या हद्दीकडं जाणारं ते लाल मुरमाचं रान दिवाळीपर्यंत हिरवं असतं, आणि त्या हिरव्यात हरणांचे कळप कुठं लपलेत ते दिसत नाही. रास झाली की सगळं दिसतं. हरणं दिसतात, आणि ती दिसली की पाठोपाठ जीपा दिसायला लागतात. शिकारीला बंदी आहे हे लहान पोरालाही ठाऊक होतं, तरी गावात त्या दिवसांना उघडपणे ‘सीझन’च म्हणत.

मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. माझं घर नौबादला, पण रोजचं येणं-जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून गावातच खोली घेतली. शेजारच्या घरात भीमशाअण्णा आणि त्याची बायको सुलूअक्का राहत. भिंत सामाईक. त्यांच्या घरात तव्यावर भाकरी टाकली की माझ्या खोलीत वास यायचा आणि थोड्या वेळानं भाकरीही यायची.

भीमशाअण्णा शंकरप्पा मालकाचा शिकारीतला वाटाड्या. मालकाकडं पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवान्याची बंदूक होती. तिनं त्यानं एकही रानडुक्कर कधी मारलं नव्हतं. वाड्याच्या ओसरीवर काळविटांची शिंगं मात्र ओळीनं टांगलेली होती, पीळदार, तेल लावून काळीभोर केलेली. मालकाच्या जीपमध्ये मागच्या बाजूला भीमशाअण्णा बसायचा, आणि ‘हिकडं घ्या, तिकडं घ्या’ म्हणून सांगायचा.

सीझन कसा गेला, हे प्रत्येकाचं वेगळं असायचं. मालकाला शिंगं लागायची. पाहुणे बहुतेक सरकारी कामांचे गुत्तेदार, त्यांना मटण आणि मोबाईलमध्ये फोटो लागायचा, हरणाचं डोकं शिंगानं उचलून धरलेला. ड्रायव्हरला कुणाचं तरी खूश होणं पुरायचं. सुलूअक्काला मात्र जीपचा आवाज पुरायचा. दिवस मावळायच्या सुमाराला ती दारात उभी राहायची. जीप सावकाश, गाणी लावून आली तर आत शिकार आहे. खड्ड्यांची पर्वा न करता आदळत-आपटत आली तर रिकामी. मी राहायला आलो तेव्हापासून ती आदळतच यायची. आवाज आला की अक्का आत जाऊन चुलीवर चहा ठेवायची, आणि त्या दिवशी चहात साखर सढळ असायची. याचा अर्थ लागायला मला बराच काळ लागला.

अण्णा दिसायला किडकिडीत. चालताना पाऊल आधी टेकवून बघायचा आणि मग त्यावर भार द्यायचा. कुणाला ‘न्हाई’ म्हणायची सवय नव्हती. मालक म्हणाला तर ‘व्हय मालक’, ग्रामपंचायतीतला शिपाई म्हणाला तरी ‘व्हय साहेब’. रोज मळकी बनियन, पण शिकारीला निघताना पांढराशुभ्र सदरा. अक्का आदल्या दिवशी तो नीळ घालून धुवायची आणि तारेवर झटकून वाळत घालायची. मी एकदा हसून म्हणालो, “अण्णा, लग्नाला निघालाव का काय?”

“मोठ्या माणसासंगं बसायचं डॉक्टर,” तो म्हणाला. गावात कंपाउंडरलाही डॉक्टरच म्हणत. “गरिबाकडं एकच चांगला सदरा असतो. तेच घालावं लागतंय.”

आणि शिकार हुकली की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. मालक शिव्या घालायचा, हा मान खाली घालून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, “वारं फिरलं मालक. वारं कुणाचं नोकर न्हाई.”

एकदा मालकाच्या म्हशीला मी वेळेवर इंजेक्शन दिलं, म्हणून त्यानं मलाही जीपमध्ये बसवलं. हैदराबादकडचा एक गुत्तेदार आला होता. अंगावर नवेकोरे हिरवे कपडे, नवी दुर्बीण. मालकाला त्याच्याकडून रस्त्याचं कसलं तरी काम हवं होतं, त्यामुळं मालक सकाळपासून गोड बोलत होता. ऊन कलल्यावर आम्ही निघालो. अण्णा पांढऱ्या सदऱ्यात माझ्या शेजारी. माळाच्या टोकाला त्यानं जीप थांबवायला लावली, आणि सगळ्यांना एका बांधाच्या आडोशानं पायी नेलं. समोर खरंच कळप होता. मधोमध मोठं काळवीट, पाठ काळी कुळकुळीत, मान वर. गुत्तेदारानं बंदूक खांद्याला लावली. त्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

तेवढ्यात अण्णा खोकला. फार नाही, धूळ नाकात गेल्यावर माणूस खोकतो तेवढाच. आणि तोंड पुसायला म्हणून खांद्यावरचा टॉवेल काढून झटकला. कळपानं एकदम माना वळवल्या. त्या लाल-करड्या रानात त्याचा सदरा आरशासारखा चमकत होता. काळविटानं एक उडी मारली आणि मग सगळा कळपच हवेत. गोळी सुटली ती मुरमात गेली.

गुत्तेदारानं बंदूक खाली घेतली. मग त्यानं अण्णाकडं बघितलं आणि मालकाला विचारलं, “पटेल, ये आदमी आपका है के हरन का?”

ड्रायव्हर हसला, गुत्तेदारासोबतचे दोघं हसले. मालकही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. अण्णा हात जोडून उभा होता. “वारं फिरलं मालक.”

परत येताना जीप आदळत आली. दारात अक्का उभी होती. ती आत वळली आणि भांड्याचा आवाज आला. मीही अण्णाच्या पाठोपाठ त्यांच्या घरात शिरलो आणि चहा पिता पिता विचारलं, “अण्णा, तुमी मुद्दाम करायलाव न?”

त्यानं बशी खाली ठेवली. अक्कानं त्याच्याकडं बघितलं आणि ‘सांग’ अशी मान हलवली. मग त्यानं सांगितलं, सगळं एका दमात, आवाज न चढवता.

त्याचं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. मालकानं एक काळवीट पाडलं आणि ते पोत्यात घालून जीप निघाली तर नाल्याच्या पुलाजवळ जंगल खात्याची गाडी आडवी. मालकानं बंदूक अण्णाच्या मांडीवर ठेवली. “भीमशा, तू घे. दोन दिवसांत सोडवतो.” याच्या बापानं आणि आज्यानं त्याच घराची शेतं केली होती. यानं ‘व्हय मालक’ म्हणून घेतलं. पण बंदूक परवान्याची होती. ती दुसऱ्याच्या हाती कशी गेली, असं वर विचारलं गेलं असतं. परवाना वाचवायला मालकानं जबाब दिला की भीमशानं वाड्यातून बंदूक चोरून नेली. म्हणजे शिकारीच्या वर चोरीही. अण्णा बिदरच्या तुरुंगात गेला आणि दोन दिवसांत कुणी आलं नाही. हिवाळा संपून उन्हाळा लागला तरी कुणी आलं नाही.

“ही पोटुशी होती,” अण्णा म्हणाला. “मालकाच्या दारात गेली. नवऱ्याला जामीन द्या म्हणाली. मालक ओसरीवर चार माणसांत बसलेला. म्हणाला, चोराच्या बायकोला दारात उभं करू नका.”

अक्का चुलीतला विस्तव मागं ओढत होती. ती म्हणाली, “त्याच आठवड्यात पोर गेली. पोरगीच होती. पुन्यांदा काही राहिलं न्हाई.”

सुटून आल्यावर अण्णा तिसऱ्या दिवशी वाड्यावर गेला आणि मालकाच्या पाया पडला. चुकलं म्हणाला. कामावर ठेवा म्हणाला. गाव थुंकलं त्याच्यावर. बौद्ध विहारातली माणसं बोलेनाशी झाली, सख्ख्या भावानं चूल वेगळी केली. एवढं सोसून हा कशाला परत गेला, हे एकट्या सुलूअक्काला ठाऊक होतं. तेव्हापासून मालकाच्या जीपमधून एक शिंग गावात आलं नव्हतं.

“मालकाला संशय कसा येत न्हाई?” मी विचारलं. “तुमाला काढून का टाकत न्हाईत?”

अण्णा हसला. त्याचं हसणं मी क्वचितच बघितलं. “मला जीपमधी कामून बसवायलेत, सांगू? हरीण दावायला न्हाई. गाडी आडवी आली तर मला दावायला. असा माणूस कुणी सोडतंय का?”

हरणांवर त्याचं प्रेम होतं म्हणून तो हे करत होता, असं कुणी समजू नये. त्याचा एक तुकडा रान होता, त्यात हरभरा. हरणं येऊन शेंडे खुडून जायची आणि हा बांधावर उभा राहून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. हरणाचं मटण त्यानं तरुणपणी खाल्लं होतं आणि ते चवीला कसं असतं हे तो मोकळेपणानं सांगायचा. त्याला हरीण वाचवायचं नव्हतं. मालकाला उपाशी ठेवायचं होतं.

आणि मालक खरंच उपाशी राहत गेला. पाहुणे एकदा येत, दुसऱ्यांदा येत, मग येईनासे होत. मन्नाएखेळ्ळीच्या ढाब्यावर कुणीतरी ‘शंकरप्पाचं हरीण’ असा शब्दच काढला. जे मिळणार म्हणून सांगतात आणि मिळत नाही त्याला. तो शब्द वाड्यापर्यंत पोचला. त्या संध्याकाळी अण्णानं माझ्या खोलीत येऊन तो मला दोनदा ऐकवला, आणि दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकवला, जसं कुणी खव्याचा पेढा जिभेवर ठेवून डोळे मिटतं.

विहारात एकदा बाहेरगावचे भंते आले होते. पंचशील झाल्यावर कुणीतरी मुद्दाम उठून म्हणालं, भंते, आमच्यातला एक माणूस शिकारीला जातो. सगळे अण्णाकडं बघायला लागले. अण्णा उभा राहिला. “जातो भंते. पण तुरुंगातून आल्यापासून माझ्यासमोर एक जीव मेला न्हाई. खोटं वाटत असंल तर मालकाला विचारा. ते तर रडायलेत.”

लोक हसले. भंते हसले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी अण्णाला बाजूला घेतलं. मी चपला घालत होतो, म्हणून ऐकू आलं. ते म्हणाले, “तुमच्या मनात राग आहे. तो सोडा.”

“सोडतो भंते,” अण्णा म्हणाला. “एवढा सीझन होऊ द्या.”

पुढच्या सीझनला मालक थकलेला दिसला. साखर वाढली होती, एका पायाला जखम होती, पोरगा बिदरला बंगला बांधून राहत होता आणि ‘तिकडं या’ म्हणून बापाच्या मागं लागला होता. मालकानं एक दिवस अण्णाला ओसरीवर बोलावून म्हटलं, जाण्याआधी मला एक पाडायचंय. पाहुणे नकोत, कुणी नको. तू आणि मी.

अण्णा घरी आला आणि बराच वेळ बाजेवर बसून राहिला. मग उठून एसटीनं तालुक्याला गेला. कशाला गेला ते त्यानं मला सांगितलं नाही. सकाळी मी बघितलं तर तारेवर पांढरा सदरा नव्हता. अण्णाच्या अंगात मुरमाच्या रंगाचा, विटलेला जुना शर्ट होता. अक्का दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

दुपारनंतर दवाखान्यात जंगल खात्याचा फोन आला. काळवीट मेलंय, पंचनाम्याला डॉक्टर पाहिजे. आमच्या डॉक्टरांबरोबर पेटी घेऊन मीही गेलो.

माळावर तुराट्यांचा मोठा ढीग रचलेला होता. जंगल खात्याची माणसं सकाळपासून त्याच्या आड बसून होती. त्यांच्यातल्या एकानं मोबाईलवर सगळं घेतलं होतं. मालक जीपजवळ दगडावर बसलेला, शर्टाची वरची बटणं उघडी. चार पावलांवर काळवीट पडलं होतं. छातीत एकच गोळी, डोळे उघडे, ओठाला हरभऱ्याचा पाला. डॉक्टर वाकून बघायला लागले. अण्णा त्यांच्या पलीकडं उभा होता, सरळ.

काय झालं ते नंतर त्याच्याकडूनच कळलं. त्यानं मालकाला वाऱ्याच्या बरोबर बाजूनं नेलं, पोटावर सरकवलं, कळपाच्या इतक्या जवळ नेलं की हरणांच्या चरण्याचा आवाज ऐकू यायला लागला. खोकला नाही, टॉवेल नाही. मालकानं गोळी झाडली आणि काळवीट जागच्या जागी बसलं. मालकानं बंदूक टाकून अण्णाला मिठी मारली. “म्हातारा माणूस रडायलता डॉक्टर, खुशीनं. मी त्येला पोटभर रडू दिलं. मग हात वर करून साहेबांना बोलावलं.”

मी पोचलो तेव्हा मालक अजून सावरलेला नव्हता. पंचनामा लिहिणारा थोडा लांब गेलेला बघून त्यानं हळूच हाक मारली. मी पेटी उघडत जवळच बसलो होतो.

“भीमशा. तू घे रे. ह्या वेळी खरंच सोडवतो. माझं वय बघ.”

अण्णा पंचनामावाल्याकडं चालत गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “साहेब, लिहून घ्या. बंदूक मालकाची. गोळी मालकाची. नेमबी मालकाचा. नेम लई चांगला हाय मालकाचा, तेबी लिहा. आणि रान मी दावलं. माझंबी नाव लिहा.”

“तुझं कशाला?” तो माणूस म्हणाला. “तूच तर खबर दिलीस.”

“न्हाई साहेब, लिहा. मला आत यायचंय.”

त्यांनी समजावून बघितलं, त्यानं ऐकलं नाही. मालकाला गाडीत बसवलं आणि हा स्वतःहून त्याच्यासमोरच्या फळीवर जाऊन बसला. गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. गाडी हलली तेव्हा तो मालकाच्या तोंडाकडं बघत होता, आणि मी त्याच्या तोंडाकडं. इतकं तृप्त माणूस मी दुसरं बघितलं नाही.

मालकाला लवकर जामीन मिळाला नाही. मोबाईलमधलं चित्र होतं, आणि वाड्याच्या ओसरीवरची शिंगं होती. जंगल खात्याची माणसं शिडी लावून ती एकेक करून काढत होती तेव्हा निम्मं गाव बघायला जमलं होतं. भिंतीवर शिंगांच्या जागी चुन्याचे जुने, पांढरे आकार उरले. गुत्तेदारांपैकी कुणी तुरुंगाकडं फिरकलं नाही. अण्णा आत मालकाच्याच बराकीत होता. सकाळी मालकाला उठवून बसवायचा म्हणे, पायाची पट्टी सोडून द्यायचा, आणि समोर बसून राहायचा. बोलायचा नाही. मालकानं जेलरकडं अर्ज केला की ह्याला दुसरीकडं हलवा.

अक्का मात्र खूश नव्हती. मी विचारपूस करायला गेलो तर ती म्हणाली, “त्या मुक्या जनावरानं काय केलं होतं? इतकी वर्षं सांभाळलं, आन शेवटाला दिलं कापून.”

अण्णा सुटून आल्यावर तिनं हेच त्याच्या तोंडावर विचारलं. तो हात धूत होता. म्हणाला, “काय न्हाई केलं त्यानं. माझ्या पोरीनं तरी काय केलं होतं?” त्या दिवशी चहाला साखर कमी होती, आणि पुढं कितीतरी दिवस कमीच राहिली.

यथावकाश माझी बदली औरादकडं झाली. खटला चालू राहिला. मालक बिदरला पोराच्या घरी राहायला गेला. जीप विकली. वाड्याला कुलूप.

मागच्या हिवाळ्यात काही कामासाठी तालुक्याच्या कोर्टात गेलो होतो. आवारातल्या लिंबाखाली बाकावर दोघं बसलेले दिसले. मालक पार वाळला होता, काठी दोन पायांत धरलेली. शेजारी अण्णा, पांढरा सदरा इस्त्री करून घातलेला. मला बघून तो उठून आला. वकिलानं त्याला दर तारखेला यायची गरज नाही असं सांगितलं होतं, हे मला अक्काकडून ठाऊक होतं.

“कामून येताव मग अण्णा? एवढी थंडी.”

“मालक येतेत न,” तो म्हणाला. “पोरगा आणून सोडतो, संध्याकाळी न्यायला येतो. तवर एकटेच असतेत. मी हरणांचं सांगत बसतो. त्येंना दुसरं कायच ऐकायचं नसतंय.”

“काय सांगताव?”

“आवंदा एक काळवीट आलंय म्हणून सांगतो. असं काळवीट तुमच्या बापानं बघितलं न्हाई म्हणतो. दर तारखेला त्येचं शिंग जरा वाढवतो. परवा म्हणालो, वाड्याच्या दारात येऊन बसलंतं. त्येंना रातभर झोप आली नसंल.” तो थांबला. “आता मला बारा महिने सीझन हाय डॉक्टर.”

“आणि खरंच आलंय का तसं काळवीट?”

“कुठलं? रस्ता झाल्यापासून कळप पांगला. चार माद्या आन् दोन पिल्लं, हरभरं खायला येतेत तेवढीच.”

आतून पुकारा झाला. तारीख पुढं गेली. मालकाला ते सांगायला शिपाई आला तेव्हा मालकानं मान हलवली आणि लगेच अण्णाच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. अण्णा माझा निरोप घेऊन परत जाऊन बसला.

माझी एसटी कोर्टासमोरच लागली होती. खिडकीतून मागं बघितलं. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, पण त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेले होते आणि बोटं पिळत-पिळत ते वर, आणखी वर नेत होता. मालक काठीवर हनुवटी टेकवून त्या हातांकडं बघत होता, तोंड थोडं उघडं, पापणी न लववता. अण्णानं हात जरा थांबवले, मालकाच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, आणि मग आणखी एक वीत वर नेले.